पाय ठेवावा की काढावा?

प्रश्न : माझ्या २९ वर्षांच्या धाकट्या भावाचा उजवा पाय दोन महिन्यांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली सापडला. नडगीचे सात सेंटिमीटर हाड गेले, बाहेरून सळया लावल्या आहेत, जखम भरलेली नाही आणि तळव्याला स्पर्श कळत नाही. आई रोज सकाळी त्याच्या अंगठ्याला हात लावून “कळतंय का रे?” असे विचारते. एक डॉक्टर पाय वाचेल म्हणतात, दुसरे गुडघ्याखाली काढायला सांगतात. कोणाचे ऐकावे?
– एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, दोघांपैकी एक डॉक्टर चुकतच असेल असे समजू नका. अपघाताच्या रात्री हा निर्णय बराचसा जखमच ठरवते. त्यासाठी कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलने त्वचा, हाड, स्नायू आणि रुग्णाची प्रकृती पाहून गुण देण्याची पद्धत बसवली. १४ पर्यंत गुण असल्यास पाय वाचवण्याकडे आणि १७ किंवा अधिक असल्यास काढण्याकडे कल असतो. तुमच्या भावाची ती वेळ मागे पडली. आता पाय राहील का, यापेक्षा राहिलेला पाय त्याच्या कामाचा असेल का आणि त्यासाठी आयुष्यातला किती काळ द्यावा लागेल, हे पाहायला हवे.

रिंग लावून, म्हणजे पायाभोवती धातूची कडी बसवून, हाड वाढवायचे तर हाड कापून त्याचा तुकडा दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकवतात आणि मागच्या फटीत नवे हाड तयार होते, म्हणजे सात सेंटिमीटरला सत्तर दिवस केवळ सरकण्यातच जातात; ते घट्ट व्हायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो, म्हणून आठ-दहा महिने रिंग पायात राहील असे धरून चाला. भाऊ विडी-सिगारेट ओढत असेल तर ती आजच बंद करा, कारण धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो.

तळव्याला स्पर्श नाही एवढ्यावरून पाय काढू नये. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत असे पाय वाचवलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांची संवेदना दोन वर्षांत पूर्ववत झाली होती. मात्र शस्त्रक्रियेत संवेदना वाहून नेणारा मुख्य मज्जातंतू तुटलेला प्रत्यक्ष दिसला असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून ते स्पष्ट विचारा. त्याच पाहणीच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात पाय वाचवलेल्या आणि काढलेल्या रुग्णांचे दोन वर्षांनंतरचे चालणे-फिरणे साधारण सारखेच आढळले आणि दोन्हीकडचे जवळपास निम्मे लोक कामावर परतले होते. पाय वाचवलेल्यांना मात्र पुन्हा रुग्णालयात अधिक वेळा जावे लागले.

तेव्हा पाय काढणे म्हणजे हरणे, असे आईंच्या मनात असेल तर ते काढून टाका. गुडघा शाबूत असला तर कृत्रिम पायावर चालायला कष्ट बरेच कमी पडतात, आणि जयपूर फूट लावून माणसे शेतात, चिखलातही चालतात. असा पाय वापरणाऱ्या एखाद्या गृहस्थाशी आणि वर्षभर रिंग सोसलेल्या एखाद्याशी भावाची गाठ घालून द्या आणि मग त्यालाच ठरवू द्या. रिंगचा मार्ग निवडलाच, तर किती महिन्यांनी थांबून फेरविचार करायचा, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.