बायपासला चार बाटल्या रक्त लागतंच का? जास्त दिलं तर बाबा लवकर बरे होतील का?

तयार ठेवायला सांगतात म्हणजे चारही चढवतातच असं नाही. आणि जास्त रक्त म्हणजे जास्त ताकद हा समज आधी डोक्यातून काढा. २०१७ साली ट्रिक्स-३ नावाचा अभ्यास आला, १९ देश, हृदयाच्या ऑपरेशनचे जवळपास ५ हजार पेशंट, एका गटाला हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, दुसऱ्याला आयसीयूत ९.५ च्या खाली गेलं की लगेच, तर मृत्यू, हार्ट अटॅक, स्ट्रोक, नव्याने डायलिसिस हे सगळं मिळून पहिल्या गटात ११.४ टक्के आणि दुसऱ्यात १२.५. कमी रक्त देऊन काही बिघडलं नाही. पण २०१५ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात कमी रक्तवाल्या गटात मृत्यू थोडे जास्त होते, त्यामुळे डॉक्टर द्या म्हणाले तर अडून बसू नका.

हिमोग्लोबिन पडतं कसं, तर हार्ट-लंग मशीनच्या (ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं मशीन) नळ्यांत आधीच लिटर-दीड लिटर सलाईनसारखं पाणी भरलेलं असतं, ते अंगातल्या रक्तात मिसळतं आणि रक्त पातळ होतं. म्हणूनच आधीपासून अ‍ॅनिमिया असलेल्याला रक्त लागायची शक्यता जास्त.

तारीख लांब असेल तर आत्ताच हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या, लोह कमी निघालं तर शिरेतून देता येतं. सर्जनना रक्तस्राव कमी करणारं औषध ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड आणि सेल सेव्हरबद्दल विचारा (सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं मशीन). क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) साधारण ५ दिवस आधी थांबवतात पण स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका, अ‍ॅस्पिरिन तर नाहीच नाही.