ड्रोन हातात पकडावं का?

प्रश्न : मी राजापूर तालुक्यात शिक्षक आहे. सुट्टीच्या दिवशी २४९ ग्रॅमच्या छोट्या ड्रोनने सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळी पठारावरच्या, कातळशिल्पांचे फोटो काढतो. पावसाळा संपला की सड्यावर गवत माजलेलं असतं, आणि ते वाळलं की माती-खडी उडते. ड्रोन खाली ठेवलं तर कॅमेऱ्याला गवत लागतं. मित्र म्हणतो, हातावरूनच उडव आणि हातातच पकड. हे सुरक्षित आहे का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : सर, हातावरून उडवणं नीट केलं तर जमतं. बोटं कापतात ती पकडताना, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

उडवताना ड्रोन आधी पेटीच्या झाकणावर सपाट ठेवून चालू करा. जीपीएस मिळेपर्यंत आणि आतले सेन्सर स्थिरावेपर्यंत हात लावू नका. मग तळव्यावर घ्या, बोटं सपाट ठेवा, हात डोक्याच्या वर आणि अंगापासून लांब धरा. वारा पाठीवर घ्या, म्हणजे झुळूक आली तरी ड्रोन चेहऱ्यापासून दूरच जाईल. फेकायचं मुळीच नाही, ते आपलं आपण उचलतं.

आता पकडणं. ड्रोनच्या पोटाशी जमिनीचं अंतर मोजणारे सेन्सर असतात. खाली तळवा नेला की त्यांना तीच जमीन वाटते, आणि पुष्कळ ड्रोन तिथेच थबकतात किंवा वर सरकतात. माणूस घाईने हात उंचावून त्याच्यामागे जातो आणि बोटं पात्यांत जातात. दुसरी चूक म्हणजे धरून बाजूला ओढणं. ड्रोनला तो वाऱ्याचा धक्का वाटतो, ते तोल सावरायला मोटारी आणखी जोरात फिरवतं.

म्हणून हे काम दोघांनी करावं. एकाने फक्त रिमोट बघायचा, दुसऱ्याने फक्त हात द्यायचा. ड्रोन डोक्याहून थोडं उंच, हातभर लांब, कॅमेरा पलीकडे करून स्थिर उभं करा. तळवा सावकाश ड्रोनच्या खाली आणा आणि तिथेच थांबवा. खाली यायचं ते ड्रोनने, हाताने वर जायचं नाही. तळव्याला टेकलं की खाली उतरवायची स्टिक पूर्ण खाली ओढून पाती थांबेपर्यंत तशीच धरून ठेवा. पाती थांबल्याशिवाय हात खाली घेऊ नका. बॅटरी तीस टक्के असतानाच परत आणा. ती संपत आली की ड्रोन स्वतःच उतरायला लागतं, मग दुसरा प्रयत्न करायला वेळ उरत नाही.

डोळ्यांवर सेफ्टी गॉगल हवाच. हातमोजे पातळ चामड्याचे घ्या, लोकरीचे नकोत, त्यांचे धागे पात्यांत गुंततात. ओढणी, मोकळे केस, गळ्यातला पट्टा आवरून घ्या. पात्यांभोवतीचा पिंजरा चांगला, पण तो बसवला की वजन २५० ग्रॅमच्या वर जातं आणि २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे तुमचं ड्रोन नॅनो गटातून मायक्रो गटात येतं, हे लक्षात असू द्या.

एकटे असाल तर मात्र हातात पकडूच नका. घडी होणारा लँडिंग पॅड किंवा दोन फुटी प्लायवूड सोबत न्या, चार कोपऱ्यांवर दगड ठेवा. माझ्या मते तुमच्या सड्यासाठी रोजचा उपाय हाच. गाडीच्या बॉनेटवरून उडवू नका, लोखंडाने होकायंत्र बिघडतं.

देवाचे गोठणे हे गाव तर तुमच्याच तालुक्यात. तिथल्या कातळशिल्पापाशी साधं होकायंत्रही भलतीकडे वळतं. ड्रोनचं होकायंत्र फसलं तर ते एका जागी न थांबता गोल गोल भरकटू लागतं, आणि अशा वेळी चेहऱ्याजवळ ते नकोच. तिथे दूर जाऊन पॅडवरूनच उडवा, स्क्रीनवर कंपासची सूचना दिसली तर जागा बदला.

आणि पकडणाऱ्याची नजर वर असते, पायाखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. त्याची उभं राहायची जागा शिल्पाच्या रेषांपासून लांब, आधीच ठरवून ठेवा.