मुख्य बॅटरी भरलेली असूनही इलेक्ट्रिक गाडी सुरू का होत नाही?
कोथरूडच्या सोसायटीत आठवडाभर उभी राहिलेली तुमची गाडी मुख्य बॅटरी भरलेली असूनही सुरू होत नसेल, तर पहिला संशय १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर घ्यावा, कारण मुख्य बॅटरी जोडून देणारे कॉन्टॅक्टर तिच्याच विजेवर चालतात. डॅशबोर्ड मंद होऊन लुकलुकणे, नुसती टकटक ऐकू येणे ही ती लहान बॅटरी उतरल्याची लक्षणे आहेत. आधी टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर साचला आहे का, ते पाहावे. गाडी बंद असताना मल्टिमीटरवर चांगली लेड-ॲसिड बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असल्यास ती उतरली आहे. ती चार्ज करून गाडी सुरू झाल्यावरही आकडा १३ च्या वर जात नसेल, तर दोष बहुधा डीसी-डीसी कन्व्हर्टरचा, म्हणजे मुख्य बॅटरीच्या विजेवर लहान बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाचा असतो आणि नवी बॅटरी घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलना मात्र अजिबात हात लावू नये.