वाळूच्या खड्ड्याची कड का ढासळते?

प्रश्न : मोरजीला आमच्या माडांची जमीन निव्वळ वाळूची आहे. आळे खणताना ओली कड उभी राहते, पण दुपारी ढासळते. असे का होते?

उत्तर : वाळूचा कण साधारण ०.०५ ते २ मिलिमीटरांचा, तर चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरांहूनही लहान असतो. वाळूला स्वतःचा चिकटपणा जवळजवळ नसल्यामुळे कणांमधील पाण्याच्या पातळ थराच्या ताणावरच आपली कड उभी असते. उन्हाने तो थर गेला की वाळू घसरत सुमारे ३० ते ३५ अंशांच्या उतारावर स्थिरावते. मुसळधार पावसात पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या, तरीही हा ताण नाहीसा होतो. आळ्यात शेणखत भरपूर घालावे, म्हणजे ओल टिकेल. किनाऱ्याकडची मर्यादावेल मात्र (साफसफाईच्या उत्साहात ती हमखास उपटली जाते) राहू द्यावी. वाळूला तीच बांधून ठेवते.