बुऱ्हाणपूरचा चांदीचा खांब

प्रश्न : सर, आजोबा सांगायचे, जहांगीर बादशहाकडे निघालेला इंग्रजांचा वकील आपल्या चोपड्यावरून गेला होता. खरं का, की गावाची बढाई?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, आजोबा खरंच सांगत होते. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, राजाचा दूत. सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा तापीखोऱ्याच्या वाटेने बुऱ्हाणपूरला पोहोचला.

बादशहा तेव्हा अजमेरला होता. पण सुरतेहून उत्तरेकडे जाणारा राजरस्ता बुऱ्हाणपूरवरून जाई आणि खानदेश सुभ्याच्या या राजधानीत जहांगीरचा मुलगा शाहजादा परवेझ फौजफाट्यासह बसला होता. छावणी म्हणजे इंग्रजांच्या बनातीला (जाड लोकरी कापडाला) आणि तलवारींना हमखास गिऱ्हाईक!

नोव्हेंबरात परवेझचा दरबार भरला. कोतवालाने सांगितलं, जमिनीला डोकं टेकवा. रो म्हणाला, मी राजाचा वकील आहे, चाकर नाही. मग त्याने बसायला खुर्ची मागितली. इथे कोणीच बसत नाही, असं उत्तर आलं. हवं तर छताच्या चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून उभे राहा. वर्गात हा प्रसंग सांगितला की मागच्या बाकावरची पोरंही कान टवकारायची. टेकून उभं राहायची शिक्षा त्यांना चांगली ठाऊक!

खांबाला टेकूनच रोने बुऱ्हाणपुरात वखार घालायची परवानगी मागितली आणि शाहजाद्याने ती दिली. पुढे खासगीत बोलू, असंही ठरलं. पण नजराण्यात दारूच्या बाटल्यांची पेटी होती. परवेझला ती एवढी चढली की भेट राहूनच गेली. त्याच रात्री रो तापाने फणफणला.

पुढे अजमेरला जहांगीरने त्याची चांगली बडदास्त ठेवली, इंग्लंडहून आणलेली घोडागाडीही ठेवून घेतली. मात्र रोला हवा होता तो कायमचा व्यापारी करार काही झाला नाही. दरबारी वजन आणि सुरतेचा कारभार शाहजादा खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या हाती होता. १६१९ मध्ये रो मोजक्या सवलतींची फर्मानं घेऊन परतला.

माझं आजोळ धरणगाव. तिथे इंग्रजांची वखार १६७४ मध्ये पडली. दुसऱ्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली, म्हणून आमच्याकडची बढाई जरा वेगळी.