लोकलची गर्दी कमी झाली म्हणतात, मग पोराला बसायला जागा का नाही?

प्रश्न : माझे थोरले मामा परळच्या गिरणीत कामाला होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सोलापूरहून त्यांच्याकडं जायचो. मामा लोकलला लटकून गेलेले मला कधी आठवत नाहीत. आता माझा मुलगा त्याच परळच्या बाजूला नोकरीला आहे पण राहतो बदलापूरला, आणि रोज उभ्यानं जातो. कोरोनानंतर लोकलचे प्रवासी घटले असं वाचलं, ते खरं का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काका, तुमच्या मामांच्या आठवणीतच अर्धं उत्तर आहे बघा. गिरणगावात कामगार गिरणीच्या जवळच चाळीत राहायचा आणि भोंगा झाला की चालत पाळीवर जायचा, त्याला लोकल लागायचीच नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार त्यात होते, पुढं गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्या जागांवर टॉवर नि ऑफिसं उभी राहिली. काम परळलाच राहिलं, पण ते करणाऱ्या माणसाला परळमध्ये खोली परवडेना, म्हणून तो आधी डोंबिवली, मग बदलापूर, तिकडं विरार असा लांब लांब सरकत गेला. सीएसएमटी, म्हणजे मुंबईचं शेवटचं स्टेशन, तिथून बदलापूर ६८ किलोमीटर आहे. म्हणजे नुसती माणसं वाढली असं नाही, एकेका माणसाचा प्रवास वाढला, आणि बदलापूरला चढलेला माणूस दादरपर्यंत जागा अडवून असतो हो, त्याच्या मागून कळवा-मुंब्र्याला चढणाऱ्यानं जायचं कुठं? मला विचाराल तर गर्दीचं मूळ इथं आहे, गाड्यांच्या संख्येत नंतर.

आता आकड्याचं. कोरोनाआधी मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून रोजचे ७५ ते ८० लाख प्रवासी धरले जायचे. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, १५ जूनला फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी सुरू झाली, आणि दोन डोस घेतलेल्या सगळ्यांना पास मिळायला १५ ऑगस्ट २०२१ उजाडला. त्यानंतर दोन-तीन वर्षं आकडा आधीपेक्षा खालीच होता, तेव्हा तुम्ही वाचलं ते खोटं नाही. काहींचं घरून काम सुरू झालं, काही मेट्रोकडं गेले (घाटकोपर-वर्सोवा २०१४ पासूनच आहे, पुढं अंधेरी-दहिसरच्या आल्या), ऑफिसं बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), ठाणे, नवी मुंबईकडं पसरली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, पासवाला रोज गेटवर मोजला जात नाही, एका पासामागं महिन्याचे ठरावीक फेरे धरतात. आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असलेल्यानं पास सोडून सुटं तिकीट काढायला सुरुवात केली की कागदावर प्रवासी झटकन कमी दिसतात. आणि ते तीन दिवस बऱ्याच ऑफिसांत मंगळवार-बुधवार-गुरुवारच असतात, तेही त्याच साडेआठ-नऊच्या गाडीला! मग तुमच्या मुलाला घट कुठून दिसणार.

तुम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाता तेव्हा एकदा पहाटे कल्याणला उतरून प्लॅटफॉर्मवर थोडं थांबा. उजाडायच्या आधीच बायका डब्याची पिशवी छातीशी धरून, गाडी थांबायच्या आत दांडा पकडायच्या तयारीत उभ्या असतात. अंबरनाथ-उल्हासनगरकडची बरीच मंडळी तर आधी उलट दिशेच्या गाडीत बसून मागं जातात, तीच गाडी फिरली की बसून येता यावं म्हणून. अर्धा तास जादा जातो, पण उभ्यानं जाण्यापेक्षा बरं म्हणतात. हे मला फार लागतं, कारण त्यात आपल्याकडची कितीतरी पोरं आहेत.

मुलाला सांगा, साहेबांशी बोलून तासभर लवकर जाण्या-येण्याची वेळ मिळत असेल तर घे. नाहीतर निदान गर्दीच्या वेळेला एसी लोकलचा पास परवडतो का बघू दे, मे २०२२ ला सुट्या तिकिटाचे दर अर्धे केले, पास मात्र अजून महागच पडतो. आणि दारात उभं राहू नको म्हणावं, एक गाडी सुटली तर सुटू दे.