साथीच्या काळात कामगारांचे आरोग्य : नव्या सुरक्षा अधिकाऱ्यास सल्ला

ही जबाबदारी तुमच्याकडे नव्याने आली आहे, तेव्हा सगळे एकदम करू पाहू नका. आधी हवा आणि रजा या दोन गोष्टी मार्गी लावा. कोविड-१९ च्या साथीत अनेक ठिकाणी दारावर ताप मोजण्यावर आणि टेबले पुसण्यावरच भर राहिला, परंतु लक्षणे नसलेला माणूसही संसर्ग पसरवतो आणि बंद खोलीत विषाणू हवेत तरंगत राहतो. म्हणून खिडक्या उघडा, बाहेरची हवा आत घ्या आणि जेवणाच्या खोलीकडे विशेष लक्ष द्या, कारण तिथेच सगळे मास्क काढून समोरासमोर बसतात; जेवणाच्या वेळा विभागून द्या.

एन-९५ मास्क नुसते वाटून भागत नाही. दाढीमुळे किंवा नाकावरची पट्टी न दाबल्यामुळे फट राहिली, तर हवा गाळली न जाताच आत शिरते, हे प्रत्येकाला करून दाखवा.

आजारी कामगाराचा पगार कापला गेला, तर तो लक्षणे लपवून कामावर येईल आणि त्यात दोष त्याचा नसेल. त्यामुळे पगारी रजेसाठी मालकांकडे ठामपणे आग्रह धरा. कंत्राटी आणि सफाई कामगारांना यातून वगळू नका. यंत्रे, मोजमापे यांचा विचार नंतर करता येईल.